वरची चार बोटं

टिपणीसांचा डबा मी धुऊन परत केला, तर त्यांनी तो माझ्यासमोरच नळाखाली धरला. आतून ओला केला, तिरका करून खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि काही क्षण पाहत राहिले. मग म्हणाले, “पाणी तुटतंय. परत घासून आणा.”

डब्यातून त्यांच्या बायकोने आम्हाला वालाचं बिरडं पाठवलं होतं. पाणी तुटणं म्हणजे काय, ते टिपणीसांनी दारातच समजावून दिलं. स्वच्छ भांड्यावर पाणी एकसंध पसरतं. कुठे तेलाचा अंश राहिला असेल तर तिथे ते फाटतं आणि त्याचे थेंब होतात. “थेंब दिसला की समजायचं, तुम्ही भांडं घासलंत, धुतलंत, पण स्वच्छ केलं नाहीत.” घासलेलं, धुतलेलं आणि स्वच्छ या त्यांच्या लेखी तीन वेगळ्या पायऱ्या होत्या. पनवेल तालुक्यातली बहुतेक माणसं दुसरीवर थांबली आहेत, असं त्यांचं मत होतं. डबा मी परत घासला. दुसऱ्या खेपेला त्यांनी तो स्वीकारला, पण स्वयंपाकघरात नेल्यावर भांडी घासल्याचा आवाज आला.

विनायक टिपणीस तळोज्याच्या एका औषध कारखान्यात गुणनियंत्रण विभागात होते. निवृत्तीनंतर करंजाड्याच्या आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर, ४०२ मध्ये, राहायला आले. मी त्यांच्या वर, ५०२ मध्ये. त्यांच्या खाली ३०२ मध्ये सोसायटीचे चेअरमन घरतशेठ. टिपणीस आले त्या वर्षीच सेक्रेटरी झाले, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. पुढची सहा वर्षं तेच राहिले, कारण त्यांना हटवायला लागणारी सभा बोलवण्याचा अधिकार सेक्रेटरीकडे होता.

उंच, कृश, नखं कापलेली, बुशशर्टाच्या खिशात दोन पेनं. एक लिहायला आणि एक दुसऱ्यांना द्यायला. मी तेव्हा एका दैनिकात बातम्या तपासण्याचं काम करत होतो, म्हणून माझ्याविषयी त्यांना थोडा आदर आणि बराच संशय होता. एकदा जिन्यात अंक उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. ओळ होती, ‘सूत्रांकडून समजते.’ टिपणीस म्हणाले, “इथे पाणी तुटतंय.”

सोसायटीच्या फलकावरच्या त्यांच्या सूचना वाचायला शेजारच्या इमारतीतले लोक येत. ‘जिना पुसला जातो, स्वच्छ होत नाही.’ ‘डक्टमध्ये टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, फक्त खालच्या मजल्यावर जाते.’ दुसऱ्या सूचनेकडे पुढे सगळ्यांना परत यावं लागणार होतं, पण तेव्हा ती सामान्य तक्रार वाटली.

जिना पुसण्याचं काम यमुनाबाईंकडे होतं. इमारत उभी राहिली तेव्हापासून त्याच होत्या. ती उभी राहिली ती जागा त्यांच्या सासरच्यांची भातखाचरं होती, हे त्या क्वचित सांगत, आणि सांगताना दुसऱ्या जिन्याकडे हात करत. बांध तिथून जायचा. टिपणीसांनी त्यांना दोन बादल्यांची पद्धत शिकवली. एका बादलीत फडकं बुडवायचं, दुसरीत पिळायचं, पाणी दर मजल्याला बदलायचं. यमुनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सायेब, जिन्यात कोनाचं आपरेशन हाय?” पण पद्धत पाळली. पाचव्या मजल्यापर्यंत पाळणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्या रजेवर असताना आलेले दोन बदली कामगार तिसऱ्यावर सोडून गेले होते.

टिपणीसांचा छंद मला दुसऱ्या वर्षी कळला. त्यांच्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, एक पांढरं पिंप होतं. तळाशी नळ, वर घट्ट झाकण, आणि झाकणात बसवलेली, पाण्याने भरलेली एक वाकडी प्लॅस्टिकची नळी. आतला वायू तिच्यातून बुडबुड्यांनी बाहेर पडतो, बाहेरची हवा आत जात नाही. टिपणीस तिला वायुरोधक म्हणत. टिपणीसवहिनी गुडगुडी म्हणत. पिंपात जांभळं होती, साखर होती, यीस्ट होतं, आणि वर चिकटवलेल्या कागदावर ‘प्रयोग क्र. ४’ असं लिहिलं होतं. कायद्यात याला काय म्हणतात ते त्यांना माहीत होतं. त्यांच्या वहीत याला ‘जांभूळ आसव’ म्हणत आणि उद्देशाच्या रकान्यात ‘मधुमेह’ असं लिहिलेलं असे. टिपणीसांना मधुमेह नव्हता.

हे आसव कसं लागायचं? सांगणं कठीण आहे, कारण करणाऱ्यालाच ते सांगता येत नव्हतं. ते दोन चमचे घेत, तोंडात फिरवत, बेसिनमध्ये टाकत आणि वहीत ‘स्वीकारार्ह’ असं लिहीत. उरलेलं बाटल्यांत भरून शेजाऱ्यांना सरबत म्हणून देत. समितीच्या प्रत्येक सदस्याला एक बाटली जाई. बाटली धुऊन परत करण्याची अट होती.

काही दिवस निरीक्षण केल्यावर माझ्या लक्षात आलं की टिपणीसांना आसवात रसच नव्हता. त्यांना पिंप धुण्यात रस होता. कारखान्यातली मोठमोठी भांडी हातची गेली होती. घरच्या कुकरवर तितकी चौकशी बसवता येत नव्हती. भांडं नीट घाण होण्यासाठी काहीतरी आंबवणं भाग होतं.

आणि ते धुणं पाहण्यासारखं असे. आधी कोमट पाणी आणि धुण्याचा सोडा घालून पिंप रात्रभर भिजत ठेवायचं. सकाळी मऊ फडक्याने गोल गोल पुसायचं. काथ्या चालायचा नाही. “ओरखडा म्हणजे जंतूंची चाळ. एकदा राहायला आले की निघत नाहीत.” मग तळाचा नळ खोलायचा, त्याच्या चारही चकत्या वेगळ्या काढायच्या, लहान ब्रशने आतलं वळण घासायचं. रबरी नळी कपड्यांच्या दोरीवर लोंबती वाळवायची. रस बाटल्यांत उतरवताना ती तोंडाने ओढायची नाही. मी एकदा ओढायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. “तोंडात काय काय असतं, कल्पना आहे का तुम्हाला?” शेवटी पिंपात पाणी फिरवून ते तिरकं धरायचं आणि पाहायचं. पाणी तुटलं नाही की वहीत वेळ लिहायची.

वहिनी म्हणायच्या, “आमच्याकडे भांडी तीनदा घासली जातात. एकदा मी घासते, एकदा हे घासतात, आणि एकदा हे मनात घासतात.”

प्रयोग क्रमांक अकरा जूनच्या मध्यावर लावला गेला. त्या वर्षी कर्नाळ्याच्या बाजूची जांभळं मुबलक आली होती. पिंप भरताना टिपणीसांनी एक सुधारणा केली. रसाच्या वर राहणारी रिकामी जागा त्यांना दहा प्रयोगांपासून खटकत होती. रिकाम्या जागेत हवा असते, हवेत जंतू असतात. त्यांनी पिंप काठोकाठ भरलं आणि झाकण आवळलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जांभळाची सालं गुडगुडीत अडकली. वायूला वाट राहिली नाही. वहिनी सांगतात की आवाज प्रेशर कुकरसारखा नव्हता, कोणीतरी दार लाथेने उघडावं तसा होता. झाकण छतावर आदळलं. छत, दोन भिंती, वॉशिंग मशीन आणि वाळत घातलेला टिपणीसांचा एक बनियन जांभळा झाला. फेस थांबेना. तो जाळीतून डक्टमध्ये उतरला आणि खाली ३०२ च्या बाल्कनीत वाळत असलेल्या घरतशेठांच्या पाच शर्टांवर पडला.

घरतशेठ फक्त पांढरे कडक शर्ट घालत. निवडणूक कधीही जाहीर होऊ शकते, अशा बेताने त्यांचा पोशाख असे. संध्याकाळी ते शर्ट हातात घेऊन खाली उतरले आणि पहिल्या दिसल्या त्या डक्ट धुऊन परत निघालेल्या यमुनाबाई.

“काय वतलंस गो वरतून?”

“मी पानी वतलं, शेठ. फिनेल आन् पानी.”

“फिनेल जांभला असतंय का?”

घरतशेठांनी तिथेच निर्णय दिला की बाईला काढायचं. पण निर्णय लेखी लागतो, आणि त्याआधी चौकशी लागते, हा नियम टिपणीसांनीच तीन वर्षांपूर्वी मंजूर करून घेतला होता. त्यामुळे सेक्रेटरींनी चौकशी करून रविवारच्या सभेत अहवाल द्यावा, असं ठरलं. टिपणीसांनी मान हलवली आणि वर गेले. दिवस गुरुवार होता.

शुक्रवार आणि शनिवार ते धूत होते. मी मदतीला होतो, म्हणजे स्टूल धरत होतो. फेस वाळून पिंपाच्या गळ्याशी यीस्टचं कडं जमलं होतं. जुन्या चुन्यासारखं घट्ट. तीन वेळा सोड्यात भिजवूनही ते सुटेना. काथ्या लावायचा नाही म्हणून टिपणीस नखाने, मग लाकडी चमच्याने, मग जुन्या बँक कार्डाच्या कडेने ते सोलत होते. भिंती पुसल्या. छताला चुन्याचा हात दिला. बनियन टाकून दिला. चौकशीविषयी त्यांनी एक शब्दही काढला नाही. मीही विचारलं नाही. वर्तमानपत्रात काम करणारा माणूस ज्याच्याकडे रोज बिरडं खातो त्याला प्रश्न विचारत नाही.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांनाही दिसत होती. पिंप जसजसं स्वच्छ होत होतं, तसतसा यमुनाबाईंचा बचाव धुतला जात होता. शनिवारी दुपारपर्यंत ४०२ मध्ये जांभळाचा मागमूस राहिला नव्हता. फक्त तळाचा नळ खोलायचा बाकी होता.

त्याच वेळी यमुनाबाई दारात आल्या. घरतशेठांनी त्यांना डक्ट पुन्हा धुवायला लावला होता, आणि त्यांना एक बादली पाणी हवं होतं. वहिनींनी आत बोलावलं. बाल्कनीच्या उंबऱ्याशी त्या थांबल्या आणि नाक वर करून उभ्या राहिल्या.

“सायेब, यो वास मी पयल्याच दिशी वलखला.”

“कसला वास?” टिपणीस म्हणाले.

“जांभलाचा. माज्या मायेरी, ओवे गावाला, आजी घालायची. लग्नाच्या आदी. मडक्यात.” त्यांनी पिंपाकडे पाहिलं. “काठोकाठ भरलेलं नं?”

टिपणीसांनी पिंपाच्या काठावर बोट ठेवलं.

“वरती चार बोटं जागा सोडायची असतंय, सायेब. तो फुगतो, मंग जाईल कुठं? यवडं शिकलाव तुमी, आन् चार बोटं नाय सोडली?”

मी टिपणीसांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्याचं दुःख त्यावर नव्हतं. पद्धत चुकल्याचं होतं. तीस वर्षं गुणनियंत्रणात काढलेल्या माणसाला आपली चूक कुठे झाली ते एका वाक्यात कळलं होतं, आणि ते वाक्य त्याचं नव्हतं.

यमुनाबाईंनी बादली उचलली. आवाज खाली आणला. “मी नाय सांगनार कोनाला. तुमी सांगा, नायतं नका सांगू. पन त्या कागदात दोस माज्या नावावर नको. नवरा दोन वर्सं घरी बसून हाय, सायेब. दुसरं कोन कमवनारं नाय.” आणि गेल्या. जाताना बादलीतलं सांडलेलं पाणी फडक्याने टिपून गेल्या.

टिपणीसांनी नळ घासायला लहान ब्रश उचलला. मग तो खाली ठेवला.

वहिनी म्हणाल्या, “अहो, नळ राहिला.”

“राहू दे.”

हे दोन शब्द त्यांच्या तोंडून लग्नानंतर प्रथमच ऐकले, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं.

रविवारची सभा पार्किंगमध्ये झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, टेबलावर पुरावा म्हणून पाच शर्ट. यमुनाबाई पाण्याच्या टाकीपाशी उभ्या होत्या. त्यांना बसायला कोणी सांगितलं नव्हतं. टिपणीसांनी अहवाल वाचायला सुरुवात केली. तो चार परिच्छेदांचा होता आणि त्यात कुठेही ‘मी’ नव्हतं.

“एक. सदर फेसाचा उगम सदनिका क्रमांक ४०२ च्या ड्राय बाल्कनीत आढळला. दोन. फेसाचे कारण, आंबवण्याच्या पिंपात वरची चार बोटे जागा न सोडणे. हे कारण सफाई कर्मचारी श्रीमती यमुनाबाई यांनी निदर्शनास आणले. त्यांचा फेसाशी अन्य संबंध नाही. तीन. जबाबदारी सदनिकाधारकाची आहे. सदनिकाधारक, विनायक गोविंद टिपणीस. त्यांनी दोन दिवस पुरावा धुतला, हेही नमूद करण्यात येत आहे.”

कोणीतरी हसलं, मग थांबलं. यमुनाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

घरतशेठ पुढे झुकले. “टिपणीससायेब, म्हंजे माज्या शर्टावर काय पडलं?”

“जांभूळ आसव. प्रयोग क्रमांक अकरा.”

“आन् गेल्या पावसात मना बाटली दिलेली, ती?”

“प्रयोग क्रमांक सात.”

“आवो, तुमी तं शुगरचं औषध म्हनून दिलेलं!”

“मी सरबत म्हटलं होतं. औषध तुम्ही म्हणालात.”

“मी रोज जेवल्यावर घेतलं ना ते! संपल्यावर दुसरी मागाया आल्तो!”

“आला होतात. नोंद आहे.”

समितीच्या सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाच्या घरातून एक रिकामी बाटली, नियमाप्रमाणे धुतलेली, ४०२ कडे परत गेली होती आणि प्रत्येकाचं नाव त्या वहीत होतं. यानंतर बाहेरच्या कोणाला कळवावं का, हा विषय कोणी काढलाच नाही. इतिवृत्तात एवढंच आहे: यमुनाबाई कामावर राहतील. टिपणीस यांचा राजीनामा स्वीकारण्यात आला. पिंप सोसायटीने ताब्यात घेतले. सर्व ठराव सर्वानुमते.

चौथा परिच्छेद वाचायचा राहून गेला. त्यात एक तांत्रिक बाब होती आणि लोकांना चहा हवा होता. टिपणीसांनी अहवालाची प्रत फाइलला लावली. नंतर मी ती वाचली. ‘चार. पिंपाचा तळनळ खोललेला नाही. आतील वळणात यीस्टचा गाळ शिल्लक असून तो राखीव नमुना म्हणून ठेवला आहे. नळ स्वच्छ केल्याशिवाय पिंप वापरू नये.’ कारखान्यात प्रत्येक मालाचा एक नमुना हात न लावता जपून ठेवतात. पुढे प्रश्न आला तर उत्तर देता यावं म्हणून. टिपणीसांच्या आयुष्यात न धुतलेली ही एकच वस्तू असावी.

पाच शर्ट त्यांनी स्वतः धुऊन दिले. रंग पुरता गेला नाही. घरतशेठ ते आता पत्ते खेळायला बसताना घालतात.

मीटर रूममध्ये पडलेलं पिंप ऑगस्टमध्ये बाहेर आलं. ध्वजवंदनानंतर सगळ्यांना कोकम सरबत द्यायचं होतं आणि एवढं मोठं भांडं दुसरं नव्हतं. टिपणीसांनी नव्या सेक्रेटरींना जिन्यात गाठलं आणि चौथा परिच्छेद वाचायला सांगितला.

“अहो, आम्ही दोनदा विसळलंय ते,” नवे सेक्रेटरी म्हणाले.

विसळणं ही पायरी टिपणीसांच्या मोजपट्टीत नव्हतीच. त्यांनी एकदा सांगितलं होतं, लेखीही दिलं होतं. ते वर निघून गेले.

माझ्या आठवणीतले शेवटचे टिपणीस त्या सकाळचे आहेत. नंतर लवकरच त्यांनी जागा विकली आणि ते मुलीकडे पुण्याला गेले. झेंडा फडकला, घरतशेठांचं भाषण झालं आणि लोक पिंपापुढे रांगेत लागले. टिपणीस रांगेच्या शेवटी होते, इस्त्रीच्या शर्टात, खिशात दोन पेनं. पेले भरायला यमुनाबाई बसल्या होत्या. पुढून लोकांचे आवाज येत होते. सोडा घातलाय का? या वर्षी मस्त झालंय. अजून एक मिळेल का? घरतशेठ तिसरा पेला घेत होते.

टिपणीसांचा नंबर आला. त्यांनी पेला उजेडाकडे धरला. लाल कोकमातून बारीक बुडबुडे सरळ रेषेत वर चढत होते. त्यांनी वास घेतला. मग खाली वाकून नळाकडे पाहिलं.

“कधी भरलं?”

“परवा सांजच्याला, सायेब. साखर घालून ठेवा, मुरंल, असं नवे सेक्रेटरी बोलले.” यमुनाबाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “मना नलाला वास आला तवाच. मी वरती चार बोटं सोडलीत.”

टिपणीसांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पिंपाच्या झाकणाकडे. झाकण जागच्या जागी होतं.

“बरोबर केलंत,” ते म्हणाले.

मग त्यांनी पेला तोंडाला लावला. दोन चमचे नाही, तोंडात फिरवणं नाही, बेसिन शोधणं नाही. सगळा प्यायले. पेला खाली ठेवायला गेले, थांबले, आणि पुन्हा नळाखाली धरला.